धरणावरचे सोयरे

वनिताबाई पक्षी बघायला जाऊ लागल्या त्या काही पक्ष्यांच्या प्रेमापोटी नव्हे. त्या गेल्या नवऱ्याची अब्रू राखायला.

हरेशराव तेव्हा रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर जात. रात्रपाळी सुटली की स्कूटरवरून भिसेगावला घरी येताना पाताळगंगेच्या काठी थांबायचं, बगळे बघत विडी ओढायची, असं करता करता विडी सुटली आणि बगळ्यांचा नाद लागला. पुढे त्यांनी दुर्बीण घेतली. मग सुट्टीचा दिवस उजाडला की हे गृहस्थ दुर्बीण गळ्यात अडकवून कुठल्या ना कुठल्या तलावावर हजर. आता तलाव म्हटला की एका काठाला पक्षी आणि दुसऱ्या काठाला धुणं धुणाऱ्या बाया, हे आलंच. हरेशरावांना दुर्बिणीतून फक्त पक्षी दिसत होते. बायांना मात्र फक्त दुर्बीण दिसत होती. एका गावात ते करंजाच्या झाडाआड बराच वेळ हलेनात, तेव्हा दोघीतिघी हातातल्या धोपटण्यांसकट त्यांच्यावर चालून आल्या. "बगळा बघतोय" हे उत्तर त्या गावात आधी कुणी दिलं नव्हतं आणि ते कुणाला पटलंही नाही.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा वनिताबाई आधी पोट धरून हसल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "पुढल्या टायमाला मी येते. बायको बरोबर असली की कोण काय बोलत नाय."

तेव्हापासून त्या हरेशरावांचं ओळखपत्र झाल्या. काठावर सगळ्यांना दिसेल अशा जागी चटई टाकायची, वालाच्या शेंगा सोलत बसायचं, आणि कुणी बाई विचारायला आलीच तर तिचं माहेर कुठलं इथपासून सुरुवात करायची. बाई परत जाताना बहुधा दोन मुळे नाहीतर मूठभर मिरच्या देऊन जाई. दुर्बिणीला वनिताबाईंनी कधी हात लावला नाही. जवळचं वाचायला त्यांना चष्मा लागे, सुईत दोरा ओवताना त्या अख्ख्या घराला कामाला लावत, पण लांबचं बघण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "मला उघड्या डोळ्यांनी दिसतंय की," त्या म्हणत, "ते लोढणं तुमीच वागवा."

खरी अडचण नावांची होती. हरेशराव हौसेने मराठी नाव सांगत, इंग्रजी नाव सांगत, पण बाईंच्या डोक्यात एकही टिकत नसे. मग अंगणवाडीत पोरांना शिकवताना त्या जी युक्ती वापरत, तीच त्यांनी इथे लावली. जे माहितीतलं नाही ते माहितीतल्याला नेऊन बांधायचं. पाण्यातल्या खुंटावर पंख पसरून उभा राहणारा पाणकावळा म्हणजे मोठे दीर, भिवाजी. आंघोळ झाली की भिवाजीदादा पंचा नेसून, दोन्ही हात फाकवून, अंग वाळेपर्यंत ओटीवर असेच उभे राहतात, आणि सुनांनी आतबाहेर कसं करायचं हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाही. टिटवी म्हणजे नणंद इंदूबाई, कारण पाहुणा वेशीवर असतानाच ती सगळी आळी जागी करते. बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली म्हणजे मामेभाऊ वाल्मिक. लग्नघरी मांडवाचे बांबू उचलायची वेळ झाली की हा जो बुडतो तो थेट पंगतीत वर येतो.

आणि जांभळी पाणकोंबडी म्हणजे मुलाची, ओमकारची, सासू, विहीणबाई. निळाजांभळा शालू, कपाळभर लाल कुंकू आणि चिखल लागेल म्हणून एकेक पाऊल उचलून ठेवत चालणं. ओमकारच्या लग्नानंतर हे नाव पडलं आणि घात झाला. नातीच्या बारशाला विहीणबाई साडी उचलून ओल्या अंगणातून येताना दिसल्या आणि हरेशरावांनी बायकोकडे बघितलं. दोघांनाही स्वयंपाकघरात पळ काढावा लागला. त्या दिवशी गॅसवर काहीतरी उतू गेलं होतं, अशी विहीणबाईंची आजही समजूत आहे.

असे सगळे सोयरे धरणांवर बसले. राहिले फक्त हरेशराव.

"आणि मी कोण गं?" ते मधूनच विचारत.

"तुमचा अजून आला नाय."

एकदा त्यांनी स्वतःच गरुड सुचवून बघितला. वनिताबाईंनी त्यांच्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि शेंगा सोलत राहिल्या.

गेल्या पावसाळ्यात हरेशराव एका खुंटाला पाणकावळा म्हणाले. वनिताबाईंना ती थट्टा वाटली. मग ते चहाचा कप बशीच्या बाहेर ठेवू लागले आणि पेपर नुसता चाळून बाजूला टाकू लागले. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साखरेने डोळ्यांचे पडदे खाल्ले आहेत, तेही नेमके मधोमध. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याचा मधला भाग पेनाने काळा केला. कडेचं दिसत राहील, इंजेक्शनं घेतली तर आहे ते टिकेल, पण गेलेलं परत यायचं नाही. डोळ्यात इंजेक्शन घेऊन, तिथेच मिळालेला काळा चष्मा लावून हरेशराव घरी आले आणि ओटीवर बसले. समोरच्याचा चेहरा बघायचा तर आता त्याच्या कानाकडे नजर न्यावी लागे. बायकोशीही ते तिच्या कानाकडे बघूनच बोलू लागले.

दुर्बीण कपाटात साड्यांच्या खाली गेली. पक्षीवाल्या मंडळींना कळवण्यात आलं की काकांचा गुडघा दुखतो. दिवाळी झाली, वालाला फुलं आली, थंडी पडली, तलावांवर परदेशी बदकं उतरल्याचे निरोप येऊ लागले, तरी हरेशराव ओटीवरच. वनिताबाईंना त्या ओटीची धास्ती वाटू लागली. त्यांचे वडील असेच एका हिवाळ्यात ओटीवर बसले होते. आजार म्हणावा असा काही नव्हता, पण उठायचं कारण संपलं आणि माणूसही संपत गेला. नवऱ्याचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

जानेवारीत साईनाथचा फोन आला. साईनाथ शिळफाट्याला राहतो, शाळेत शिकवतो आणि दर हिवाळ्यात नव्या लोकांना घेऊन तलावांवर फेरी काढतो. पक्षी बघायला त्याला हरेशरावांनीच शिकवलं.

"काका, रविवारी पनवेलची मंडळी येतायत. तुम्ही पुढे राहा. आधी डोणवतचं धरण, दुपारनंतर कलोत्याचं. गाडी दारात आणतो, चालणं फार नाही."

"नाय रं, गुडघा..." एवढंच हरेशराव बोलले आणि फोन हातातून गेला.

"येतात," वनिताबाई फोनमध्ये म्हणाल्या. "भाकऱ्या कितीजणांच्या करू, तेवढं सांग."

त्यावरून घरात दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी हरेशरावांनीच तो मोडला. "चार लोकांत हसं करशील माझं. खुंटाला पक्षी म्हणायला नेतेस काय?"

"सोयरे तुमाला माहीत हायत ना?" बाई पीठ मळत म्हणाल्या. "कोण आलंय नि कुठं बसलंय, ते मी सांगते. तुमी नुसतं नाव घ्या. दुर्बीण गळ्यात असू द्या, म्हंजे कोणाला कळणार नाय."

रविवारी डोणवतला पोचले तेव्हा पाण्यावर धुकं होतं. पनवेलच्या मंडळींनी कानटोप्या चढवल्या होत्या. त्यांच्यात रिया नावाची एक मुलगी होती. तिच्या गळ्यातला कॅमेरा तिच्यापेक्षा वजनदार वाटत होता. हरेशराव नव्या नवरदेवासारखे अवघडून उभे होते. वनिताबाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि कुजबुजल्या. आयुष्यभर अंगणवाडीच्या पोरांवर ओरडलेल्या बाईची कुजबुज ती, निम्म्या मंडळींना ऐकू गेली.

"मोठे दीर उभे हायत. डावीकडं, खुंटावर. आंघोळ झालेली दिसते."

हरेशरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बिणीत धुरकट डागाशिवाय काही नव्हतं. "डावीकडच्या खुंटावर बघा," ते म्हणाले, "पाणकावळा. पंख वाळवतोय. त्याची पिसं बदकासारखी कोरडी राहत नाहीत, भिजतात, म्हणून बुडी मारली की असं उभं राहावं लागतं."

सगळ्या दुर्बिणी डावीकडे वळल्या. एकटी रिया मागे वळून रस्त्याकडे बघत होती, कुणाचे दीर आले म्हणून.

मग गाडी रुळावर आली. वाल्मिक इथे बुडाला, तिथे निघाला. विहीणबाई लव्हाळ्यातून बाहेर पडल्या, आज एकट्याच आहेत. इंदूबाईला तर सांगायचीही गरज पडली नाही, ती ओरडली आणि हरेशरावांनीच कान टवकारून म्हटलं, "टिटवी. कोणीतरी तिच्या शेतात शिरलंय." खरंच एक कुत्रा बांधावरून येत होता. मंडळींनी माना डोलावल्या. हरेशरावांचा आवाज मोकळा झाला, पाठ ताठ झाली. एकदा भरात येऊन ते बदकांची माहिती उजवीकडे हात करून सांगू लागले, बदकं मात्र डावीकडे. वनिताबाईंनी त्यांच्या कोपरात हात घालून त्यांना हळूच वळवून घेतलं. या वयातही केवढं प्रेम, असं वाटून रियाने त्याचा फोटो काढला. तसं ते प्रेमच होतं म्हणा.

दुपारी एका शेताच्या कडेला तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी झाली. चटणीने पनवेलकरांच्या नाकातोंडातून पाणी काढलं, तरी कुणी थांबलं नाही. हरेशराव जेवता जेवता गोष्टी सांगत होते. धोपटणेवाल्या बायांची गोष्टही त्यांनी सांगितली. वनिताबाई वाढताना नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या. पावसाळ्यापासून हा माणूस इतका बोलला नव्हता. त्यांना भरून आलं आणि त्यांनी त्या भरात साईनाथला नको असताना आणखी एक भाकरी वाढली.

कलोत्याला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. जवळच्याच पाण्यात हळदी-कुंकू बदकांचा थवा होता. चोचीच्या टोकाला हळद, कपाळाशी कुंकवाचे दोन ठिपके. सगळे तिकडे लागले. वनिताबाईही बघत होत्या, पण लांब बघायची सवय, त्यांची नजर पाण्यावरून पलीकडे गेली आणि थांबली.

"अहो," त्या म्हणाल्या. "तिकडं एक बसलाय. हा आपल्यातला नाय."

"म्हंजे?"

"सोयऱ्यांतला नाय. आपण कधी बघितलाच नाय. पाण्यातल्या वाळक्या झाडावर, अगदी शेंड्याला."

"केवढा हाय?"

"घारीवानी. पोट पांढरंफेक."

हरेशराव हलायचे थांबले. "डोकं कसं हाय? डोळ्याजवळ काय दिसतंय?"

"एवढं कसं दिसंल इथून?"

बदकं बघणारी मंडळी चार पावलांवर होती. हरेशरावांनी एकदा त्यांच्या आवाजाकडे कान दिला. त्यांनी दुर्बीण हातात धरली, कुणासाठी तरी धरावी तशी पुढे केली आणि म्हणाले, "यातून बघ."

वनिताबाईंना सगळं कळत होतं. आता दुर्बीण डोळ्याला लावली तर लोक बघणार, आणि सकाळपासून जपलेलं झाकण उडणार. न लावावी तर समोरचा पक्षी या माणसाच्या हातून जाणार. पण विचार करायला वेळ कुठे होता? त्यांनी दुर्बीण खेचून डोळ्यांना लावली. पट्टा हरेशरावांच्याच गळ्यात होता, त्यामुळे तेही ओढले गेले आणि गालाला गाल लागेपर्यंत वाकून तसेच राहिले.

आधी नुसतं पाणी दिसलं, मग फांद्या, आणि मग तो एकदम समोर आला. इतका जवळ, की बाईंनी मान मागे घेतली.

"डोकं पांढरं," त्या म्हणाल्या. "नि डोळ्यावरून काळा पट्टा गेलाय, पार मानेपर्यंत. तुमाला पनवेलला काळा चष्मा दिलेला ना, तसा."

हरेशरावांनी त्यांचा दंड पकडला. "सोडू नको त्याला. काय करतोय, सांगत राहा."

"बसलाय. खाली बघतोय. उडाला..." आणि इथून पुढे वनिताबाई कुजबुजायचं विसरल्या. "उडाला ओ. वर गेला. आता एकाच जागी थांबलाय, पंख मारतोय नि थांबलाय. पाय खाली सोडले. पडला, दगडावानी पडला, बुडाला की हो. नाय, निघाला, निघाला. मासा हाय पायात. अंग झाडलं सगळं. मासा सरळ केलाय बघा, तोंड पुढं करून धरलाय, दोन्ही पायांत. चालला तो, डोंगराकडं चालला."

तो दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी दुर्बीण खाली घेतली. बदकं बघायला कुणीही उरलं नव्हतं. सगळे त्यांच्याकडे वळले होते. रियाने कॅमेरा उचललाच नव्हता. ती नुसती ऐकत उभी होती.

"कैकर," हरेशराव म्हणाले. "ऑस्प्रे म्हणतात इंग्रजीत. थंडीत येतो, पार बर्फाच्या मुलखातून. या काठावर इतके हिवाळे काढले, लोकांना दिसायचा, मला कधी गावला नाय." मग साईनाथच्या कानाकडे नजर नेऊन त्यांनी सांगून टाकलं, "आज पण दिसला नाय रं. पाणी उडालं तेवढं कडेने दिसलं. माझ्या डोळ्यांचं मधलं गेलंय."

साईनाथने त्यांच्या पायाकडे बघितलं. "आणि गुडघा, काका?"

"गुडघा ठणठणीत हाय."

आधी वनिताबाईच हसल्या, मग साईनाथ, मग बाकीचे. साईनाथने हसता हसता डोळे पुसले आणि काकांचा हात हातात घेतला, तो बराच वेळ सोडला नाही.

"म्हणजे सकाळपासून सगळं काकूंनी बघितलं?" रियाने विचारलं.

"बघितलं तिनं. मी नुसती नावं घेतली."

"मग मोठे दीर म्हणजे..." रियाच्या आता कुठे लक्षात आलं. मग बाईंना सगळा गोतावळा सांगावा लागला. विहीणबाईंच्या वेळी त्यांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की यातलं अक्षरही कुणी कुठे लिहायचं नाही. परत निघेपर्यंत पनवेलकरांनी स्वतःसाठीही पक्षी मागून घेतले होते. रियाला परीट मिळाला, शेपूट एका जागी ठरत नाही म्हणून.

मंडळी चहाला टपरीकडे गेली. ही दोघं काठावरच बसली. ऊन उतरून पाणी तांबूस झालं होतं. हरेशराव पाण्याकडे तोंड करून बसले होते, नेमकं कुठे बघत होते ते सांगता येत नव्हतं.

"त्याचं नाव काय ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

"कोणाचं?"

"मघाच्या पक्ष्याचं. सोयऱ्यांतला नाय म्हणालीस. मग हाय कोण तो?"

वनिताबाई चटईवरची काडी उचलून मोडत राहिल्या. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी शेंगा सोलता सोलता उडवून लावला होता. आज हातात शेंगा नव्हत्या.

"ते तुमी," त्या म्हणाल्या. "काळा चष्मा लावून पण मासा नाय चुकला त्याचा."

हरेशरावांनी मान वळवली, बायकोच्या कानाकडे नजर नेली आणि तिचा चेहरा बघत राहिले, कडेने दिसत होता तेवढा. मग त्यांनी गळ्यातली दुर्बीण काढली. पट्टा बोटांनी चाचपून बक्कल शोधलं, पट्टा आखूड केला आणि दुर्बीण बाईंच्या गळ्यात घातली.

"आता तू बघत जा," ते म्हणाले. "मी येतो बरोबर. कोणी विचारलं तर सांग, नवरा हाय संगती."

"जड हाय हो हे," बाई म्हणाल्या, पण काढली नाही. पलीकडच्या लव्हाळ्यात काहीतरी हललं होतं. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि गप्प झाल्या.

"काय हाय?" हरेशरावांनी विचारलं. "कोण आलंय? सांग की गं."

"थांबा हो जरा," वनिताबाई म्हणाल्या. "आधी मला बघू द्या."